विमान, रेल्वे आणि वाहन उद्योगाच्या संशोधन विभागात नव्याने रुजू होताना

संशोधन विभागात पहिल्यांदा रुजू होणाऱ्याच्या डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं. पांढऱ्या फळ्यावर समीकरणं, कोपऱ्यात चकचकीत प्रोटोटाइप आणि आपल्याला सुचलेली एखादी भन्नाट कल्पना. पहिल्या आठवड्यात हातात पडतं ते वेगळंच. कुणीतरी एक जाड फाइल देतं, सुरक्षिततेचं प्रशिक्षण होतं आणि भिंतीपलीकडून, भाग हादरवून तपासणाऱ्या व्हायब्रेशन टेबलाची घरघर दिवसभर ऐकू येत राहते. इथे संशोधन नेमकं चालतं कुठे, असा प्रश्न पडायला लागतो.

ते त्या घरघरीतच चालतं. माणसं बसवून ही वस्तू वर्षानुवर्षं चालवली तर टिकेल का, याचा पुरावा मिळवण्यासाठी कंपनी संशोधनावर पैसा लावते. कल्पना ही त्याची फक्त सुरुवात. तुमच्या हातून तयार होणारा खरा माल म्हणजे पुरावा, आणि तोही असा, की ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही त्या माणसालाही तो पटला पाहिजे. पुढच्या पायऱ्या मी याच एका धाग्यावर ओवल्या आहेत. मला स्वतःला हे उमजायला बरीच वर्षं लागली, तुम्हाला तेवढी लागू नयेत.

१. काम कुठल्या पायरीवर आहे ते आधी विचारा

नव्या प्रकल्पावर गेलात की पहिला प्रश्न हा: "याचा टीआरएल किती?" टीआरएल ही तंत्रज्ञान कितपत तयार झालंय हे मोजायची पट्टी. नासामध्ये १९७४ च्या सुमारास ती आखली गेली. तेव्हा तिच्या सात पायऱ्या होत्या, पुढे नऊ झाल्या. १ म्हणजे मूळ तत्त्व माहीत आहे, एवढंच. ३ म्हणजे कल्पना चालते हे प्रयोगशाळेत दिसलंय. ६ म्हणजे नमुना खऱ्यासारख्या परिस्थितीत चालवून दाखवलाय. ९ म्हणजे वस्तू प्रत्यक्ष वापरात आहे आणि व्यवस्थित चालतेय. अंतराळक्षेत्रात जन्मलेली ही पट्टी आज बॅटरीपासून ब्रेकपर्यंत सगळीकडे वापरतात.

आकडा ऐकून थांबू नका. "पाच" असं उत्तर आलं तर लगेच विचारा, पाच कशावरून? कुठली चाचणी झाली, कुठल्या तापमानाला, किती नगांवर? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा इथेच पाणी मुरतं. टीम मनापासून पाच म्हणत असते, पण ते पाच तळहाताएवढ्या नमुन्याचं असतं. पूर्ण आकाराच्या भागाचा विचार केला तर तेच तंत्रज्ञान अजून तीनवर अडलेलं असतं.

या मधल्या पायऱ्या किती चढणीच्या असतात याचं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. रोल्स-रॉइसने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आरबी२११ या जेट इंजिनाच्या पुढच्या पंख्यासाठी कार्बन फायबरची पाती करायचं ठरवलं. त्या मटेरियलचं नाव हायफिल. टायटॅनियमपेक्षा हलकं आणि ताणाला भक्कम. पण इंजिनात पक्षी शिरला तर काय होतं याची चाचणी १९७० मध्ये झाली आणि पात्यांचा टिकाव लागला नाही. टायटॅनियमकडे परत जावं लागलं. इंजिनाच्या विकासाचा एकूण खर्च हाताबाहेर गेलेलाच होता. फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि ब्रिटिश सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. कल्पना मात्र खोटी नव्हती. १९९५ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या जीई९० इंजिनाच्या पंख्याला कार्बन फायबरचीच पाती आहेत. फरक असा की पक्ष्याचा तडाखा ज्या कडेवर आधी बसतो, त्या कडेला टायटॅनियमचं आवरण चढवलेलं आहे. ते आवरण दिसायला अगदी साधं, पण मधली पंचवीस वर्षं त्याच्यामागे उभी आहेत.

२. गरज आकड्यात लिहून घ्या, गृहीतकासकट

"भाग हलका हवा" ही इच्छा झाली. "भागाचं वजन ४२० ग्रॅमच्या आत, उणे ५५ ते अधिक ८५ अंश सेल्सिअसमध्ये चालणारा, अमुक व्हायब्रेशन प्रोफाइलवर अमुक तास टिकणारा, आणि हे तमुक चाचणीने तपासायचं" ही गरज झाली. प्रत्येक ओळीच्या शेवटी "हे तपासणार कसं?" एवढं विचारा. उत्तर नसेल तर ती ओळ अजून कच्ची आहे. कच्च्या गरजेवर डिझाइन सुरू करणं म्हणजे आधी कळस मग पाया.

नवखी माणसं आकडा लिहितात, पण तो आकडा कुठल्या परिस्थितीत खरा आहे ते लिहीत नाहीत. ४ जून १९९६ ला एरियान ५ हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं, त्याच्या मुळाशी हेच होतं. रॉकेटची दिशा आणि गती सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर जुन्या एरियान ४ वरून आणलं होतं. तिथे ते उत्तम चाललेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक किंमत ६४ बिटांच्या दशांश रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जायची. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान ४ च्या मार्गावर ती किंमत तेवढी वाढणारच नव्हती, म्हणून तिथे संरक्षण ठेवलं नव्हतं. एरियान ५ सुरुवातीलाच जास्त आडवा वेग घेतं. संख्या मावेना, त्या यंत्रणेचा संगणक बंद पडला. जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या संगणकात तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला. मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं: सॉफ्टवेअरच्या त्या तुकड्याचं एरियान ५ मध्ये उड्डाण सुरू झाल्यावर काहीच काम नव्हतं.

म्हणून तुमच्या हातात जुन्या प्रकल्पातला "सिद्ध झालेला" भाग, कोड किंवा आकृती आली, की शेजारी कागद घ्या आणि दोन रकाने आखा. डाव्या बाजूला तो तिथे कुठल्या वेगाला, तापमानाला, दाबाला, किती तासांसाठी सिद्ध झाला होता. उजव्या बाजूला आपल्याकडे तेच आकडे काय आहेत. जिथे उजवा आकडा डाव्याच्या बाहेर जातो तिथे जुना पुरावा संपला, नवा मिळवावा लागेल.

एकक तर प्रत्येक आकड्यापुढे लिहाच. मार्स क्लायमेट ऑर्बिटर १९९९ मध्ये मंगळापाशी पोचून गमावलं गेलं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजत होती. दोन्हींत जवळपास साडेचार पटींचा फरक आहे.

३. वस्तू कशी बिघडेल याची यादी करा

याला एफएमईए म्हणतात. १९४९ मध्ये अमेरिकी लष्कराने याची लेखी पद्धत ठरवली, आणि आज कुठलीही वाहन किंवा विमान कंपनी तिच्याशिवाय पुढे सरकत नाही. प्रत्येक भागासाठी विचारायचं: हा कसा बिघडू शकतो, बिघडला तर काय होईल, किती वेळा होईल, आणि झालं तर आपल्याला आधी कळेल का.

परिणाम, शक्यता आणि न सापडण्याचा धोका यांना १ ते १० गुण देऊन गुणाकार करायची जुनी चाल आहे. तिच्यात एक खड्डा आहे. परिणाम १०, शक्यता २, न सापडणं ५ याचा गुणाकार १००. परिणाम २, शक्यता १०, न सापडणं ५ याचाही १००. एकात माणूस दगावतो, दुसऱ्यात दाराचं झाकण करकरतं. वाहन उद्योगाच्या २०१९ च्या संयुक्त हस्तपुस्तिकेने म्हणूनच हा गुणाकार बाजूला ठेवला आणि परिणामाला आधी मान देणारी प्राधान्यक्रमाची पद्धत आणली. तुमच्या विभागात अजून गुणाकार चालत असेल तरी यादी परिणामाच्या रकान्याने लावून एकदा नजरेखालून घाला.

ही बैठक कंटाळवाणी वाटते हे मला माहीत आहे. तरी तिथे टेक्निशियन, दुरुस्ती करणारी माणसं आणि खरेदी विभागातलं कुणीतरी बसलेलं असेल याची काळजी घ्या. भाग कसा बिघडतो हे ज्याने तो उघडून पाहिलाय त्याला माहीत असतं.

विमानात ज्या बिघाडाने सगळ्यांचे प्राण जातील, तो एक अब्ज उड्डाण-तासांत एकापेक्षा जास्त वेळा घडण्याची अपेक्षा नसावी, असा दंडक आहे. एक अब्ज तास म्हणजे एक लाख चौदा हजार वर्षं. एवढी चाचणी कुणीच घेऊ शकत नाही. मग पुरावा आणायचा कुठून? एकाऐवजी दोन-तीन स्वतंत्र यंत्रणा ठेवायच्या आणि त्या एकाच वेळी पडण्याची शक्यता गणिताने दाखवायची. हे सगळं गणित "स्वतंत्र" या एका शब्दावर उभं असतं. एरियानचे दोन संगणक डब्यात वेगळे होते, पण आतलं सॉफ्टवेअर एकच होतं, म्हणजे ते स्वतंत्र नव्हतेच. दोन यंत्रणांची वीज एकाच तारेतून येते का, त्या एकाच खाचेतून जातात का, एकाच माणसाने एकाच दिवशी दोन्ही बसवल्यात का, हे विचारायला लाजू नका.

आणि गणित अनुभवापुढे हरलं तर अनुभवाचं ऐका. बोइंग ७८७ च्या लिथियम-आयन बॅटरीतून धूर येण्याचा प्रसंग एक कोटी उड्डाण-तासांत एकदाही येणार नाही असा आधीचा अंदाज होता. जानेवारी २०१३ मध्ये, ताफ्याचे एक लाख तासही भरले नव्हते तेव्हा, दोन आठवड्यांच्या आत दोन घटना घडल्या. जगभरातली बोइंग ७८७ जातीची विमानं जमिनीवर आली. ती एप्रिलमध्ये पुन्हा उडू लागली तेव्हा बॅटरीत सुधारणा झाल्या होत्या, शिवाय तिच्याभोवती स्टीलची पेटी आणि धूर थेट विमानाबाहेर नेणारी नळी बसली होती. सेल पेटणारच नाही, या हमीच्या जोडीला सेल पेटला तरी विमान सुरक्षित राहील, अशी दुसरी फळी उभी केली. डिझाइन करताना ही दुसरी फळी सुरुवातीलाच मागून घ्या. नंतर तिच्यासाठी जागा आणि वजन दोन्ही मिळत नाही.

४. चाचणीच्या जागी स्वतः उभे राहा

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण चांगली डोकी इथेच कच्ची राहतात. संगणकावर सिम्युलेशन चालवून अहवाल लिहिणारा आणि रिगपाशी, म्हणजे चाचणीच्या मांडणीपाशी, कधी न जाणारा इंजिनिअर उंटावरून शेळ्या हाकत असतो.

आपल्या क्षेत्रात चाचणीची परंपरा रेल्वेपासून सुरू होते. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि मोठी प्राणहानी झाली. आस तर भक्कम होता, मग तुटला कसा, हे कोडं त्या काळच्या सगळ्या इंजिनिअरांपुढे होतं. ऑगस्ट वोहलर हा एका जर्मन रेल्वे कंपनीत नोकरीला असलेला इंजिनिअर. त्याने आसांवर गाडी चालताना खरोखर किती भार येतो ते मोजलं, मग प्रयोगासाठी यंत्रं बनवली, त्यांत तुकडे फिरवत ठेवले आणि किती भाराला किती फेऱ्यांनी तुटतात याच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या. एका झटक्यात जो भार धातू सहज पेलतो, तोच भार लाखो वेळा आला तर तो तुटतो, हे त्याने आकड्यांनी दाखवलं. आपण याला फटीग म्हणतो. कंपनीच्या पगारावर, कंपनीच्या अडचणीवर केलेलं हे संशोधन आजही प्रत्येक विमानाच्या आणि गाडीच्या डिझाइनमागे आहे.

शंभर वर्षांनी तोच फटीग विमानाच्या केबिनमध्ये आडवा आला. डी हॅविलंड कॉमेट हे पहिलं जेट प्रवासी विमान १९५२ मध्ये सेवेत आलं. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. ब्रिटनमधल्या फार्नबरोला संशोधकांनी एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवलं, केबिनमध्येही पाणी भरलं आणि उड्डाणासारखा दाब चढवत-उतरवत राहिले. पाणी कशासाठी? हवा दाबली की स्प्रिंगसारखी ताकद साठवते. तडा गेला की केबिन स्फोटासारखी उडते आणि सुरुवात कुठून झाली ते कळायला मार्ग राहत नाही. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे तडा जातो तिथेच थांबतो. आधीची १,२२१ उड्डाणं आणि टाकीतल्या १,८३६ फेऱ्या मिळून ३,०५७ व्या दाबाला ती केबिन फाटली.

कंपनीने आधी चाचणी केली नव्हती का? केली होती, आणि तिच्या केबिनच्या तुकड्याने सुमारे १८,००० फेऱ्या काढल्या होत्या. मग एवढी तफावत कशी? त्या तुकड्यावर आधी ताकदीची चाचणी झाली होती. नेहमीच्या दुप्पट दाब त्यावर चढवला होता. त्या जास्तीच्या दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू थोडा ताणला जाऊन घट्ट झाला आणि त्या तुकड्याचं आयुष्य वाढलं. प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या विमानांना असा दाब मिळालेला नव्हता. चाचणीचा निकाल त्या तुकड्यापुरता खरा होता, विमानांबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

तेव्हा चाचणी सुरू करण्याआधी नमुन्याचा पूर्ण इतिहास मागवा. तो कुठल्या खेपेतला, आधी कुठल्या चाचणीत बसला होता का, कुणाच्या हातून पडला होता का, प्रत्यक्ष उत्पादनातल्या भागासारखाच बनलाय की कारागिराने खास हाताने घासून दिलाय. एका नगावर दोन चाचण्या उरकून खर्च वाचवायचा मोह प्रत्येक व्यवस्थापकाला होतो. तेव्हा कॉमेटची ही गोष्ट शांतपणे सांगा.

दुसरं, निकाल काय येईल ते चाचणीआधी लिहा आणि तारीख टाकून सहकाऱ्याकडे द्या. विमानाच्या पंखाला सेवेत येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के भार पेलता यावा लागतो. जानेवारी १९९५ मध्ये बोइंग ७७७ चा पंख मुद्दाम तुटेपर्यंत वाकवला, तो १५४ टक्क्यांना तुटला. २००६ मध्ये एअरबस ए३८० चा पंख १५० च्या किंचित अलीकडे गेला आणि तिथे थोडी मजबुती वाढवावी लागली. दोन्हीकडे मोल होतं ते अंदाज आणि निकाल यांतलं अंतर किती कमी आहे याला. आधी लिहिलेला अंदाज नसेल तर निकाल आल्यावर प्रत्येकालाच "मला वाटलंच होतं" असं वाटतं.

तिसरं, मोजणाऱ्या यंत्रावर वस्तूएवढाच संशय घ्या. एकदा एका ब्रॅकेटच्या व्हायब्रेशन चाचणीत आम्हाला आलेखावर एक उंच शिखर दिसत होतं, मॉडेलमध्ये ते कुठेच नव्हतं. दोन दिवस आम्ही मॉडेल दुरुस्त करत बसलो. तिसऱ्या दिवशी रिगवरच्या एका जुन्या टेक्निशियनने काहीही न बोलता सेन्सरच्या कडेला नख लावून हलकेच उचलून पाहिलं. गोंद एका बाजूने सुटलेला होता, सेन्सर तेवढाच डुलत होता. पुन्हा चिकटवला आणि शिखर गेलं. त्या दिवसापासून मी चाचणीआधी प्रत्येक सेन्सर नखाने तपासतो, कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख वाचतो आणि रिग बंद असताना नुसती रिकामी नोंद घेऊन बघतो. रिकाम्या नोंदीत काही हलत असेल तर ते वस्तूचं नाही. नमुने घेण्याचा वेगही बघा. २,००० हर्ट्झपर्यंतचं कंपन पाहायचं असेल तर सेकंदाला ४,००० हून जास्त नोंदी तर हव्यातच, आणि आकार नीट दिसायला त्याच्या कितीतरी पट. तसंच, त्याहून वरची कंपनं गाळणीने आधीच गाळा, नाहीतर ती खालच्या वारंवारतेचं सोंग घेऊन आलेखात उतरतात.

आणि भाग तुटला की? घाई करू नका. तुटलेले दोन तुकडे पुन्हा जुळवून बघायचा हात आवरा. प्रत्येक जण तेच करतो, आणि तुटलेल्या पृष्ठभागावरचा बारीक पुरावा घासून जातो. बोट लावू नका, पुसू नका. आधी जागेवरच फोटो, मग कोरड्या पिशवीत. भिंगाखाली धरलात तर फटीगने तुटलेल्या पृष्ठभागावर ओहोटीनंतर वाळूत उमटतात तशा कमानदार रेषा दिसतील. त्या कमानी ज्या बिंदूभोवती आहेत तिथे तडा जन्मला. मी पाहिलेल्या एका तुकड्यात तो बिंदू भागावर ठोकलेल्या अनुक्रमांकातल्या ४ च्या कोपऱ्यात होता. डिझाइन ठीक, मटेरियल ठीक, भारही हिशेबातला. क्रमांक कुठे ठोकायचा हे मात्र ड्रॉइंगवर कुणी लिहिलं नव्हतं.

५. बदलांचा माग ठेवा

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं सुधारणेचं अक्षर हे या धंद्यातलं सगळ्यात दुर्लक्षित अक्षर आहे. चाचणी "सी" आवृत्तीवर झाली आणि कारखान्यात "डी" गेली, तर तुमचा पुरावा दुसऱ्याच वस्तूचा झाला. ए३८० च्या वेळी वेगवेगळ्या देशांतली पथकं एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या पिढ्या वापरत होती. विमानात शेकडो किलोमीटर वायर. जर्मनीत तयार झालेले जुडगे फ्रान्समध्ये जोडणीच्या वेळी नीट बसेनात, आणि विमानं गिऱ्हाइकांना मिळायला जवळपास दोन वर्षांचा उशीर झाला. सॉफ्टवेअरची आवृत्ती, लायब्ररीची आवृत्ती, फाइल कुणी कधी बदलली, हे सगळं पहिल्या दिवसापासून नोंदा. लॉगबुकात खाडाखोड झाली तर एका रेषेने खोडा, शेजारी सही आणि तारीख. खालचं वाचता आलं पाहिजे.

६. मानकं आणि कारखाना, दोघांशी लवकर ओळख करा

विमानाच्या सॉफ्टवेअरला डीओ-१७८सी, मोटारीच्या इलेक्ट्रॉनिक्सला आयएसओ २६२६२, रेल्वेला युरोपात ईएन ५०१२६ आणि त्याची भावंडं. नावं वेगळी, गाभा एकच: बिघाडाचा परिणाम जितका गंभीर, तितका पुरावा कडक. सगळं पाठ करायची गरज नाही. तुमचा भाग कुठल्या वर्गात मोडतो तेवढं पहिल्या महिन्यात विचारून घ्या आणि त्या वर्गाला कुठले कागद लागतात ते बघा. सर्टिफिकेशनच्या माणसाला शेवटी बोलावलंत तर तो पुन्हा चाचण्या करायला लावेल, आणि त्याचं बरोबर असेल.

कारखान्याचंही तसंच. जेट इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलचं टोक पूर्वी वीसेक तुकडे जोडून व्हायचं, लीप या इंजिनात ते थ्रीडी प्रिंटिंगने एकसंध बनतं, वजन पावपटीने कमी. पण धातूची पावडर, लेसर, थर, थंड होण्याचा वेग यांतलं काहीही बदललं तर बाहेरून तसाच दिसणारा भाग आतून वेगळा होतो. अशा वेळी भागाबरोबर तो बनवायची प्रक्रियाही सिद्ध करावी लागते. यंत्र बदललं, पुरवठादार बदलला, की पुरावा पुन्हा.

७. बाहेर काय बोलायचं ते शिकून घ्या

पेटंटचा अर्ज जाण्याआधी परिषदेत पोस्टर लावलंत तर बहुतेक देशांत ते पेटंट गेलं. म्हणून आधी अर्ज, मग भाषण. निर्यात नियंत्रण हा आणखी नाजूक विषय. विमान आणि अंतराळातलं बरंच ज्ञान लष्करी कामालाही येतं, त्यामुळे ड्रॉइंग परदेशातल्या सहकाऱ्याला ईमेल करणं हीसुद्धा कायद्याने निर्यात ठरू शकते. तो सहकारी तुमच्याच कंपनीतला असला तरी. फाइलवर वर्गीकरणाचा शिक्का नसेल तर पाठवू नका, आधी विचारा.

गुप्तता पाळताना शेजारच्या क्षेत्रांत डोकावणं मात्र सोडू नका. चाकं घसरू न देणारे ब्रेक १९५० च्या दशकात विमानांवर आले, मोटारींत इलेक्ट्रॉनिक रूपात १९७० च्या दशकात. व्होल्वोने १९५९ मध्ये आणलेल्या तीन टोकांच्या सीटबेल्टचा कर्ता नील्स बोहलिन आधी साबमध्ये लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होता. झटक्यात माणसाच्या शरीराचं काय होतं हे त्याला तिथून माहीत होतं. व्होल्वोने ते पेटंट इतर कंपन्यांना वापरायला मोकळं ठेवलं.

८. प्रकल्प बंद पडला तर

पडेल. बहुतेक पडतात, आणि त्यात तुमची चूक असेलच असं नाही. बाजार फिरतो, पैसा आटतो. १९७० च्या दशकात एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी रिचार्ज होणारी लिथियम बॅटरी बनवली. लिथियम धातूमुळे आगीचा धोका होता, आणि पुढे कंपनीने ते काम सोडून दिलं. पण काम प्रसिद्ध झालेलं होतं. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचं टोक आणलं, १९८५ मध्ये आसाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूऐवजी कार्बनचं टोक वापरलं, आणि १९९१ मध्ये सोनीने ती बॅटरी बाजारात आणली. तिघांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. आजच्या बहुतेक विजेच्या गाड्या याच जातीच्या लिथियम-आयन बॅटरीवर चालतात.

तेव्हा बंद करण्याचा आदेश आला की दोन आठवडे मागून घ्या, आणि नाही मिळाले तर चार दिवस तरी घ्या. अहवालात चार गोष्टी लिहा: काय चाललं, काय चाललं नाही आणि कुठल्या आकड्याला, काय तपासायचं राहिलं, आणि पुन्हा सुरू करायचं झालं तर पहिली चाचणी कुठली. कच्च्या नोंदी आलेखांच्या चित्रांत न ठेवता आकड्यांच्या फाइलमध्ये ठेवा, रकान्यांच्या डोक्यावर एककं घालून. तुटलेले भाग भंगारात जाऊ देऊ नका. प्रत्येक तुकडा कोरड्या पिशवीत, पिशवीत ओलावा शोषणारी पुडी, फोटोचा क्रमांक आणि चाचणीची तारीख एका चिठ्ठीवर. ती चिठ्ठी दोऱ्याने बांधा. तुकड्यावर काही ठोकू नका.